हाय-बॉनेट सीजे-३बी घ्यावी की लिलावातली जिप्सी? कागद, चासी आणि दुरुस्ती (पुणे परिसर)

दिवेघाट_खालचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सासवडच्या अलीकडे एक महिंद्रा सीजे-३बी (उंच बॉनेटची जुनी जीप) विकायला आहे. पहिली नोंदणी १९७४ ची, नंबर जुना तीन अक्षरी. आरसीवर इंधन पेट्रोल लिहिलंय, पण बॉनेटखाली डिझेल इंजिन आहे. पुढचं अॅक्सल हाउसिंग जागेवर आहे. फोर बाय फोरचा दांडा पडतो, पण पुढची चाकं ओढत नाहीत. फ्लोअरवर रबरी मॅट चिकटवलेलं आहे. आरसीची मुदत संपलेली. मालक म्हणतो, "आरटीओचं होऊन जाईल."

दुसरा पर्याय म्हणजे एक एजंट 'मिलिटरी लिलावातली' जिप्सी देतोय. वापर शनिवार-रविवारचा: मुळशी, ताम्हिणी, भोर. कोणती घ्यावी? आणि घेतली तर कामाला सुरुवात कुठून करायची?

कोरा_कागद

इंजिन, पत्रा सगळं नंतर. आधी वाहन पोर्टलवर नंबर टाका. एवढ्या जुन्या गाड्यांची नोंद पुष्कळदा संगणकावर चढलेलीच नसते. तसं असेल तर मूळ आरटीओकडून 'बॅकलॉग एंट्री' करून घ्यावी लागते. ती विकणाऱ्याने, त्याच्या नावावर, व्यवहाराआधी करायची. ती झाल्याशिवाय पुनर्नोंदणी नाही, नावबदल नाही आणि आता सक्तीची झालेली एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट) पाटीही नाही. 'होऊन जाईल' हे वाक्य विसाराच्या पावतीवर लिहून द्यायला सांगा, मग किती होतंय ते कळेल.

आता डिझेलचं. आरसीवर पेट्रोल आणि आत डिझेल असेल तर पुनर्नोंदणीच्या तपासणीत (फॉर्म २५) इंजिन नंबरच जुळणार नाही. कंपनीच्या मूळ रचनेला सोडून केलेला बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात स्पष्ट केलंय. म्हणजे हातात दोनच गोष्टी उरतात. एक, मूळ जातीचं पेट्रोल इंजिन परत बसवून त्याचा नंबर रीतसर चढवून घेणं. दोन, गाडी सोडून देणं.

गाडीला ५० वर्षं होऊन गेलीत, त्यामुळे 'व्हिंटेज' नोंदणीचा मोह होईल. २०२१ च्या नियमाप्रमाणे त्याची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरण ५,००० रुपये, आणि नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. पण दोन अटी नीट वाचा. गाडी मूळ रूपात हवी, म्हणजे चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. आणि ती रस्त्यावर फक्त प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच आणता येते. दर शनिवारी ताम्हिणीत भजी खायला जाणं त्यात बसत नाही. तुमच्या वापराला साधी ५ वर्षांची पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर हाच मार्ग. फी गाडीच्या वयाप्रमाणे बदलते, ती पोर्टलवर बघून घ्या.

लो_बॉनेट

कागद जमले तर चासी. टॉर्च, लोहचुंबक, मीटर टेप आणि खडू घेऊन जा.

चुंबकाला पातळ कापड गुंडाळून बॉडीवर फिरवा. जिथे पकड सुटते तिथे लांबी (पुट्टी) भरलीय. ते रबरी मॅट उचलायला लावाच. सीजेचा फ्लोअर वरून धडधाकट दिसतो आणि खालच्या आडव्या चॅनेलमध्ये पाणी मुरून आतून कुजलेला असतो. मालक मॅट उचलू देत नसेल तर तेच उत्तर समजा.

फ्लोअर नवा करता येतो, चासीचं तसं नाही. पुढच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, स्टिअरिंग बॉक्स बोल्ट होतो ती जागा आणि मागचा क्रॉस मेंबर, या तीन ठिकाणी रंग खरवडून बघा. केसासारखी रेघ दिसली तर ती तडा. तिथे वरून पट्टी मारून वेल्डिंग केलेलं असेल तर तडा पट्टीच्या कडेने पुढे सरकतो. कारण पट्टीमुळे तो भाग कडक होतो आणि सगळी लवचिकता शेजारच्या पातळ लोखंडावर येते. त्यानंतर कर्णमाप घ्या: पुढच्या डाव्या हँगरच्या बोल्टपासून मागच्या उजव्या बोल्टपर्यंत, मग उलट. फरक ५ मिमीच्या वर गेला तर चासी तिरकी आहे.

चासीवरचा नंबर बोटाने चाचपून बघा. अक्षरांच्या भोवती ग्राइंडरचा खोलगटपणा लागला किंवा आकडे एका ओळीत नसले तर तिथूनच घरी या. हरियाणातल्या मंडी डबवालीकडे नव्या पत्र्याच्या बॉडीवर जुनाट नंबर चढवलेल्या 'तयार विलीज' फार वर्षांपासून बनतात, त्या इकडेही फिरतात. दिसायला देखण्या असतात, कागदाला शून्य.

नवा_उजेड

खरी दुसऱ्या महायुद्धातली विलीज आणि फोर्ड जीप कशी ओळखायची? एक जण 'फोर्ड जीपीडब्ल्यू, १९४३' म्हणून विकतोय.

लो_बॉनेट

रेडिएटरखालचा पुढचा आडवा मेंबर बघा. विलीज एमबीचा गोल नळी असतो, फोर्डचा उलट्या 'यू' आकाराचा. फोर्डने आपल्या बोल्टांच्या डोक्यावर आणि सुट्या भागांवर 'एफ' उठवलेला असतो. एमबीचा चासी नंबर डाव्या शिंगाच्या (चासीपट्टीच्या पुढच्या टोकाच्या) आतल्या बाजूला पट्टीवर असतो, फोर्डचा थेट डाव्या चासीपट्टीच्या वर ठोकलेला. ८० वर्षांत भागांची सरमिसळ झालेलीच असते, त्यामुळे नुसत्या बोल्टांवर जाऊ नका. क्रॉस मेंबर आणि नंबर दोन्ही जुळायला हवेत.

भोसरी_खराद

फोर बाय फोर ओढत नाही, त्याचं निदान उघडल्याशिवाय होतं. मागची दोन्ही चाकं जमिनीवर ठेवून पुढचं एक चाक जॅकवर घ्या. इंजिन बंद, दांडा फोर बाय फोरमध्ये. चाक हाताने फिरवा.

चाक अजिबात फिरलं नाही तर ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समागचा, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) आणि पुढचा अॅक्सल दोन्ही ठीक. चाक फिरलं आणि पुढचा प्रोपेलर शाफ्टही (ट्रान्सफर केसपासून अॅक्सलपर्यंतचा) फिरला तर दोष ट्रान्सफर केसमध्ये, फोर्क किंवा सरकता गिअर. चाक फिरलं पण शाफ्ट जागचा हलला नाही तर चाकावरचा फ्री-व्हील हब (चाक अॅक्सलला जोडणारा-सोडणारा) सुटा आहे, नाहीतर आतला अॅक्सल-जॉइंट तुटलाय, नाहीतर डिफरन्शियलचे दात गेलेत. आणि शाफ्टच नसेल तर प्रश्नच मिटला. डिझेल वाचवायला तो काढून गोठ्यात टाकणारे कमी नाहीत.

लगे हाथ अॅक्सलचा रेशो (चाकांच्या एका फेऱ्याला प्रोपेलरचे किती फेरे) तपासा. सीजे-३बीला ५.३८ असतो. दांडा टू-व्हीलवर, गिअर न्यूट्रलला. एक चाक उचलून खडूची खूण करा आणि चाकाचे बरोबर दोन फेरे द्या (दुसरं जमिनीवर असल्यामुळे दोन). प्रोपेलरचे पाच फेरे पूर्ण होऊन वर एक-तृतीयांशापेक्षा थोडं जास्त भरलं पाहिजे. पुढे-मागे दोन्हीकडे मोजा. मागचं हाउसिंग दुसऱ्या गाडीचं आणि रेशो वेगळा निघाला, तर फोर बाय फोर टाकल्यावर दोन्ही अॅक्सल एकमेकांशी भांडतात. चिखलात चाक घसरून निभावतं, डांबरावर जॉइंट क्रॉस किंवा गिअर तुटतो.

ट्रान्सफर केस डाना १८ आहे. गळती बहुतेक मधल्या शाफ्टच्या भोकातून. नीडल रोलर आणि थ्रस्ट वॉशर झिजले की शाफ्ट केसमध्ये डुलतो आणि भोक अंडाकृती करतो. मग कितीही सिलंट लावा. केस बोअर करून बुश ठोकावा लागतो, ते काम भोसरीत कुठलाही नेटका बोअरिंगवाला करतो. भाग मागवण्याआधी शाफ्ट व्हर्निअरने मोजा, कारण तीन मापं आहेत: ३/४ इंच, १ १/८ इंच आणि १ १/४ इंच. 'विलीजचा शाफ्ट द्या' म्हणाल तर दुकानदार हाताला लागेल तो देईल.

गिअरबॉक्स टी-९० असेल तर दुसरा गिअर सुटतो का ते उतारावर बघा. दिवे घाट उतरताना दुसऱ्यात टाकून अॅक्सिलरेटर पूर्ण सोडा. दांडा उडून न्यूट्रलला आला तर सिंक्रो आणि मागचं बेअरिंग झिजलंय. पण खोलण्याआधी बेल हाउसिंगचे बोल्ट आवळून बघा. ते सैल असले तरी हेच लक्षण येतं आणि पाच मिनिटांत जातं. शिवाय गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यामधून तेल इकडचं तिकडे जातं. एकीकडची पातळी चढलेली आणि दुसरीकडचा डबा कोरडा, असं होतं. दोन्ही प्लग उघडून बघायचे.

नाना_पेठ_वारी

गिअरबॉक्सचं तेल ९० नंबरचं, पण जीएल-४ दर्जाचं. दुकानदार जीएल-५ पुढे करतात, 'भारी आहे' म्हणून. डिफरन्शियलला घाला, गिअरबॉक्सला नको. त्यातलं गंधकयुक्त मिश्रण पितळी सिंक्रो रिंगला खातं.

बारा_नंबर_पाना

>> त्यातलं गंधकयुक्त मिश्रण पितळी सिंक्रो रिंगला खातं

हल्लीच्या चांगल्या जीएल-५ मध्ये तसं होत नाही म्हणतात. बाकी सहमत.

नाना_पेठ_वारी

म्हणतात खरं. रिंग मिळायला लागणारा वेळ बघता मी तरी प्रयोग करणार नाही. डब्याच्या किमतीत फरक किरकोळ आहे.

लो_बॉनेट

पेट्रोल इंजिन परत बसवायचं तर सीजे-३बीचं मूळ इंजिन हरिकेन एफ-१३४: २१९९ सीसी, इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये. सुटं इंजिन घेताना हेड काढूनच घ्या. एक्झॉस्ट सीट आणि सिलिंडर यांच्यामधल्या अरुंद पुलावर तडा असतो. तो स्वच्छ पुसल्याशिवाय दिसत नाही. बोअर ३ १/८ इंच. ४० थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पुढे गेलेलं असेल तर स्लीव्ह टाकण्याचा खर्च धरा. कॉम्प्रेशनमध्ये सिलिंडर-सिलिंडरचा फरक १० पीएसआयच्या आत हवा.

जुळणीचे आकडे: फायरिंग ऑर्डर १-३-४-२, पॉइंट गॅप २० थाऊ, प्लग ३० थाऊ. टॅपेटची फट इंजिन थंड असताना इनलेट १८, एक्झॉस्ट १६. टायमिंग ५ अंश आधी. हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, शेवटी ६० ते ७० फूट-पौंड. टॅपेट घट्ट ठेवलेत तर इंजिन गोड वाजतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात. थोडी टकटक राहू द्या.

वरंध_चढ

हायवेवर ५० ला स्टिअरिंग भयंकर हलतं, अशा जीपांबद्दल कोणी लिहिणार का? त्यावर स्टिअरिंग डॅम्पर लावून विकायची पद्धत पडलीय.

भोसरी_खराद

डॅम्पर लावलेला दिसला की किंमत कमी करा. तो रोग झाकतो.

पुढचं चाक उचला, वर आणि खाली हात धरून हलवा. ढिलाई जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगून पुन्हा हलवा. ढिलाई गेली तर चाकाचं बेअरिंग (१८५९० / १८५२०). तशीच राहिली तर किंगपिनचं, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खुंटाचं, बेअरिंग (११५९० / ११५२०). हे टिमकेनचे नंबर आहेत, नाना पेठेत नंबर सांगून मिळतात. गाडीचं नाव सांगायची गरज नाही, सांगितलंत तर भाव वाढतो.

किंगपिनला वर-खाली शिम (पातळ चकत्या) असतात: ३, ५, १० आणि ३० थाऊच्या. प्रीलोड (बेअरिंगवरचा दाब) वाढवायला शिम काढायच्या, पण दोन्हीकडून सारख्या. फक्त वरच्या काढल्या तर नकल (चाक वळवणारा सांधा) खाली-वर सरकतो आणि आतला जॉइंट मध्यावर राहत नाही. मोजताना फेल्ट सील काढून ठेवा, नाहीतर सीलची पकड प्रीलोड म्हणून मोजली जाते आणि बेअरिंग ढिलंच राहतं. इथेच बहुतेक मिस्त्री चुकतात.

नकलचा गोळा पुसून नखाने खरवडून बघा. गंजाचे खड्डे असतील तर नवं सील महिनाभरातच फाटतं. बारीक खड्डे इपॉक्सीने भरून ४०० च्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करायचे, खोल असतील तर पितळ भरून घासायचं. आत घट्ट ग्रीस ठासू नका, ते चाकाबरोबर भिंतीला चिकटून बसतं आणि जॉइंट कोरडा राहतो. ०० नंबरचं ओघळतं ग्रीस वापरा.

यानंतर पुढच्या क्रॉस मेंबरवरचा बेल क्रँक (स्टिअरिंगची ओढ चाकांकडे नेणारा). त्याचा शाफ्ट आणि नीडल बेअरिंग झिजलं की स्टिअरिंगला मोकळा फेरा येतो. मग टाय रॉडची टोकं. टो-इन (पुढची चाकं पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली ठेवणं) सगळ्यात शेवटी: ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे साधारण १.२ ते २.४ मिमी. आधी टो-इन जुळवून मग किंगपिन खोलणं म्हणजे दुप्पट मजुरी.

कोरा_कागद

जिप्सीबद्दल. लष्करी गाड्यांचे लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर होतात, 'आहे तिथे, आहे तशी' या अटीवर. लॉटचं वर्णन वाचून ठरवा: गाडी म्हणून विकली जातेय की भंगार म्हणून? गाडी म्हणून असेल तर लष्करी अधिकाऱ्यांचं फॉर्म २१ मधलं मूळ विक्री-प्रमाणपत्र मिळतं, आणि आरटीओ त्यावरच नागरी नोंदणी करतं. ते नसेल तर एजंटकडची गेटपासची झेरॉक्स, लिलावाची पावती, जुनं लॉगबुक, कशाचाच उपयोग नाही. लष्करी नंबरात बाणाच्या पुढचे दोन आकडे खरेदीचं साल सांगतात. ते आणि प्रमाणपत्र जुळतंय का बघा.

आणखी एक. 'पोलिसांची', 'वनखात्याची' जिप्सी कोणी दिली तर जास्तच सावध. १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द ठरते आणि त्या अधिकृत भंगार केंद्रातच जायच्या असतात. ती गाडी रस्त्यावर कायदेशीर येणारच नाही.

नवा_उजेड

घेतली की मिलिटरी हिरवा मॅट मारायचा ना? तोच तर शौक आहे.

कोरा_कागद

नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कोणाला चालत नाही. लष्करासारखा बाण रंगवलेला नंबर तर मुळीच नाही. खडकी, देहूरोड, दिघी हा सगळा लष्कराचा पट्टा. तिथे अशी गाडी घेऊन फिरलात तर पावतीवर भागेलच असं नाही. आरसीवर जो रंग आहे तो मारा, किंवा बदल रीतसर नोंदवा. वाळूचा किंवा राखाडी मॅट जीपला चांगला शोभतो.

बारा_नंबर_पाना

पण अर्धं पुणे हिरव्या जीपा फिरवतंय.

कोरा_कागद

अर्धं पुणे एकेरी रस्त्यातूनही उलटं येतं.

गंजकाढू

छोट्या लोखंडी भागांसाठी (ब्रॅकेट, बिजागऱ्या, पेडल, ड्रम) वाळूचा मारा करण्यापेक्षा विजेने गंज काढा. प्लास्टिकचा ड्रम, ५ लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा साधा बॅटरी चार्जर. भाग ऋण टोकाला, धन टोकाला भंगारातली लोखंडी पट्टी. उलट जोडलंत तर तुमचाच भाग विरघळेल. स्टेनलेसची पट्टी कधीही लावू नका, क्रोमियमचं विषारी पाणी तयार होतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून काम उघड्यावर करा आणि चिमटे लावण्या-काढण्याआधी चार्जर बंद करा. रात्रभरात गंज काळा चिखल होऊन निघतो. ब्रशने धुवा, लगेच वाळवा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. पुण्याच्या पावसाळ्यात सकाळपर्यंत थांबलात तर पुन्हा लाल थर आलेला असतो. अॅल्युमिनियमचे भाग यात टाकू नका.

फ्लोअरला १८ गेजचा (१.२ मिमी) सीआर पत्रा. जुना फ्लोअर कापण्याआधी बॉडीच्या आत दोन तिरके पाइप टाक्यांनी जोडून घ्या, नाहीतर बाजू उघडतात आणि नंतर विंडशील्डची फ्रेम बसत नाही. खालच्या चॅनेलला पाणी निघायला भोकं ठेवा आणि आतून मेण-तेलाचा फवारा मारा. जोडांवर सील, त्यावर रंग. लांबीने भोक बुजवणाऱ्याला पैसे देऊ नका.

वरंध_चढ

पेट्रोल इंजिनवाल्यांसाठी: आता पंपावर २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या पंपाचा डायफ्रॅम, कार्ब्युरेटरचे कॉर्क गॅस्केट आणि साधी रबरी नळी फुगून चिरते. पंपाचं किट इथेनॉल चालणारंच मागा, नळी इंजेक्शन गाडीची घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि टाकीचा तळ आतून गंजतो.

चढावर इंजिन अडखळून बंद पडणं आणि दहा मिनिटांनी चालू होणं हे बहुतेक व्हेपर लॉक (नळीत पेट्रोलची वाफ अडकणं). पेट्रोलची नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दूर वळवा आणि मधला पत्रा लावा. नळीवर लाकडी चिमटे लावायचा जुना तोडगा आहे. फायदा किती होतो देव जाणे, पण चिमटे स्वस्त आहेत.

जोंगाप्रेमी

जोंगाचं कोणीच नाव काढलं नाही! निस्सानच्या 'पॅट्रोल' (Patrol) जीपवर बेतलेली लष्करी गाडी, जबलपूरच्या कारखान्यातली, ३९५६ सीसी, सहा सिलिंडर.

भोसरी_खराद

काढलं नाही कारण लिटरला चार-पाच किलोमीटर. शिवाय बाहेर विकलेल्या बऱ्याच जोंगांत डिझेल घुसवलेलं आहे, म्हणजे पुन्हा वरचाच कागदाचा प्रश्न. मूळ इंजिनाची आणि फॉर्म २१ ची मिळाली तर नक्की घ्या, आणि घरात पेट्रोलचा हिशोब वेगळ्या वहीत ठेवा.

नाना_पेठ_वारी

विकणाऱ्यांसाठीही दोन ओळी. फॉर्म २९ आणि ३० वर (नावबदलाचे अर्ज) नुसत्या सह्या करून गाडी देऊ नका. फॉर्म २९ ची सूचना १४ दिवसांच्या आत स्वतः आरटीओत द्या आणि पोच घ्या. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्या गळ्यात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय. विमाही त्याच दिवशी कळवा.

दिवेघाट_खालचा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. एजंटकडे फॉर्म २१ मागितला, तेव्हापासून तो फोन उचलत नाही. जिप्सी बाद. सासवडच्या मालकाला बॅकलॉग एंट्री करायला सांगितलंय. मूळ पेट्रोल इंजिन गोठ्यात पडलंय म्हणे, नंबर आरसीशी जुळतो. फ्लोअर कुजलाय, चासी सरळ आहे. पुढचा प्रोपेलर शाफ्ट नाही!

मागचा ड्रम काढून ब्रेक बघायचा होता. डाव्या चाकाचे नट हलतच नाहीत आणि मिस्त्री ड्रमवर घण मारायच्या बेतात आहे.

भोसरी_खराद

थांबवा त्याला. मूळ जोडणीत डावीकडच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, स्टडच्या टोकावर 'एल' दिसेल. घड्याळाच्या दिशेने फिरवा, सुटतील. मागचा ड्रम निमुळत्या अॅक्सलवर चावीने बसलेला असतो. पुलर लावा, पुलरच्या स्क्रूवर ताण देऊन रात्रभर सोडा आणि मधला नट दोन आटे धरून ठेवा, नाहीतर सुटताना ड्रम पायावर येतो. अॅक्सलच्या टोकावर घण मारला तर आतल्या बेअरिंगचं आणि शिमचं वाटोळं होतं. परत बसवताना तो नट किमान १५० फूट-पौंड. सैल राहिला तर चावी कापली जाते.

इंजिन गोठ्यातून उचलण्याआधी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल अर्धं-अर्धं ओता, चार दिवस मुरू द्या. मग पुलीच्या नटावर पाना लावून हाताने फिरवा. फिरलं तर भाव बोला.